वाकळ विमानतळावर राहिली

निघायच्या आदल्या दिवशी मी दुकानात चांदी तोलायच्या मोठ्या काट्यावर सामान चढवलं. बॅग बरोबर पंधरा किलो भरली आणि वाकळीचं गाठोडं चार किलो आठशे साठ ग्रॅम. आमचा धंदा गलाईचा (सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा). आटपाडीकडची आमची माणसं हे काम करत देशभर पांगली आहेत. मी तामिळनाडूतल्या एका गावात तीस वर्षं आहे. या धंद्यात वजन चुकलं की माणूसच चुकला असं धरतात, त्यामुळे विमानाचं सामान मी कधी अंदाजावर सोडत नाही.

पूर्वी आम्ही रेल्वेनं दोन रात्री काढून गावाकडे यायचो. आता विमान आहे. वर्षातून सात-आठ खेपा होतात म्हणून कंपनीनं मला एक चकचकीत कार्ड दिलं होतं. त्या कार्डावर पंधरा किलोच्या वर आणखी दहा किलो फुकट जायचे. बायको मालन म्हणायची, "हे दहा किलो माझे." आणि खरोखरच ते तिचे होते. माहेरी जाताना ती शिवलेली वाकळ न्यायची आणि येताना आईची जुनी लुगडी घेऊन यायची. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून हातानं शिवलेलं जाड अंथरूण. परमुलखात दुपारी दुकानामागच्या खोलीत पाय पसरून ती आईची लुगडी शिवत बसायची.

मालन गेली त्याला आठ महिने झाले. शेवटची वाकळ अर्धीच राहिली. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या मामींचा, फोन आला होता. "पाव्हणं, अर्धी हाय ती तशीच घिऊन या. वरसाच्या आत मी पुरी करती. पोरीचं काम अर्धं ऱ्हायला नगं." या खेपेला मी त्यासाठीच निघालो होतो, दुसरं काही काम नव्हतं.

विमानतळावर बॅग पट्ट्यावरून आत गेली. मी गाठोडं पुढं सरकवलं, तर काउंटरवरच्या मुलीनं हात आडवा केला. या महिन्यापासून नियम बदललाय, म्हणाली. कार्डावरचं जादा सामान बंद. एका तिकिटाला एकच नग. तुम्हाला मेल पाठवली होती. हातातल्या पिशवीबरोबर हे आत नेता येणार नाही, पलीकडच्या खिडकीवर पैसे भरून या.

पैसे काही फार नव्हते. हे मला आधीच सांगून टाकायचं आहे, कारण पुढचं सगळं माझ्या डोक्यानं घडलं. मी म्हणालो, कार्ड देताना दहा किलो सांगितले होते, आता दहा किलोच घ्या. ती नाही म्हणाली आणि माझा आवाज चढला. मागं तिघंचौघं कार्डवाले उभे होते, तेही सरसावले. एक कापडाचा व्यापारी म्हणाला, आम्हाला कार्ड दाखवून गळाला लावलं आणि आता आमच्याच खिशात हात घालता. दर सोमवारी विमानानं कामाला जाणारा एक इंजिनियर नियमाची मेल मोठ्यानं वाचून तिच्यातल्या चुका काढू लागला. कुणीतरी मोबाइलवर चित्रण सुरू केलं. मी त्या सगळ्यांच्या पुढं उभा होतो आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझा राग काढायला समोर कुणीतरी सापडलं होतं.

मुलगी शांतपणे म्हणाली की पाच मिनिटांत काउंटर बंद होईल. मी वळून पाहिलं तर पैसे भरायच्या खिडकीसमोर भली मोठी रांग. बॅग तर केव्हाच आत गेली होती. तिच्यात केळ्याचे वेफर, कॉफी आणि खोबरेल तेल होतं. माझा कामगार मुरुगन मला सोडून परत निघाला होता, त्याला फोन केला. दहा मिनिटांत माघारी येतो म्हणाला. मी गाठोडं एका खांबाला टेकवलं, जवळच्या बाईला जरा लक्ष ठेवा म्हणालो आणि पळालो.

पुण्याला उतरून साताऱ्याची एसटी धरली. खिडकीशी बसलो, पण खंबाटकी घाट कधी गेला ते समजलं नाही. मी सारखा मुरुगनला फोन लावत होतो. पहारेकरी तिकिटाशिवाय आत सोडत नाही, असं त्यानं एकदा सांगितलं. मग पहारेकऱ्याचा साहेब येतोय, तोवर थांबलोय म्हणाला. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो, समोर अजिंक्यताऱ्यावर उन्हं आलेली, आणि त्याचा फोन आला. खांबापाशी काही नव्हतं. बेवारस सामान म्हणून कुणीतरी उचललं होतं आणि पुढं ते कुठं गेलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मेहुणा संपत मला न्यायला आला होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता साताऱ्यात राहून पाचगणीच्या शाळेची मुलं व्हॅनमधून ने-आण करतो. त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"दाजी, वाकळ कुठाय?"

मी सांगितलं. भर स्टँडवर सांगितलं. त्यानं बॅग व्हॅनमध्ये ठेवली, दार लावलं आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही.

कोरेगाव सोडेपर्यंत आल्याची हिरवी शेतं दिसत होती. पुसेगावच्या पुढं रान उघडं पडत गेलं. दहिवडीला आम्ही मिसळ घेतली, लय तिखट होती, संपतचे डोळे पाणावले आणि त्यानं ते तिखटावर ढकललं. म्हसवडच्या पुढं माणदेशाचं माळरान सुरू झालं. बाभळी, मेंढरांचा कळप, मधेच डाळिंबाची बाग, उन्हापासून जपायला पांढरं कापड पांघरलेली. या रस्त्यानं मालन नेहमी पुढच्या सीटवर बसायची आणि कुणाची विहीर आटली, कुणाचं घर स्लॅबचं झालं हे मोठ्यानं सांगत जायची. आता पुढं संपतशेजारी मी होतो आणि व्हॅनच्या पत्र्याचा तेवढा आवाज येत होता.

दिघंचीजवळ संपतनं गाडी एका घरापुढं उभी केली.

"हितं एक बाई वाकळा शिवून देती," तो म्हणाला. "तिच्याकडं एखादी अर्धी आसंल. आईला आता नीट दिसत न्हाई. हीच ती म्हणून दिऊ. दाजी, तिला कळायचं न्हाई."

मी उतरलो. ओसरीवर खरोखरच एक अर्धी वाकळ होती, गर्द निळ्या लुगड्याची. बाईनं ती माझ्या हातात दिली. हातात घेताच मी मनात म्हटलं, तीन किलो शंभर. सवय जात नाही. टाके सुबक होते, सरळ रेघेत. संपत माझ्या तोंडाकडं पाहत होता. आणि मला मोह झाला. मामींच्या मांडीवर ही ठेवायची, त्या शिवत बसतील, वर्षाच्या आत पुरी होईल, सगळे सुटतील. मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. मग ती घडी घालून परत दिली.

"का वं?" संपत म्हणाला.

"मामींनी आपली लुगडी चाळीस वर्षं अंगावर वागवलीत," मी म्हणालो. "डोळ्यानं नाही तर हातानं ओळखतील."

हे कारण खरं होतं. पण दुसरंही एक होतं. मालनचं म्हणून दुसऱ्या बाईचं काम तिच्या आईपुढं ठेवायला माझा हात धजेना.

मामी घरापुढच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. व्हॅनचा आवाज ऐकून उठू लागल्या, संपतनं त्यांना परत बसवलं. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या दोन्ही हातांवरून हात फिरवला, मग हात बॅगेकडं गेला.

"ह्यात हाय?"

"नाही, मामी." मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नियम सांगितला, भांडण सांगितलं, खांब सांगितला. पैसे भरले असते तर झालं असतं, हेही सांगितलं. मामींजवळ राहणारी संपतची बायको दारात पाणी घेऊन उभी होती, ती तशीच आत गेली.

मामींनी बॅगेवरचा हात मागं घेतला. मग म्हणाल्या, "आवं पाव्हणं, अंगावर घ्यायची व्हती की. पांघरून बसला आसता. पांघरल्यालं कोण काढून घेतंय?"

विमानतळावर आम्ही चार शहाणी माणसं नियमाचा कीस पाडत होतो. कार्ड, मेल, हक्क, सगळं बोललो. पण हे कुणाला सुचलं नाही. मामी आयुष्यात विमानात बसलेल्या नाहीत. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मामींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मीही बायको गेलेला माणूस, हे त्यांनी मनात धरलं असावं. जरा वेळानं विचारलं, "किती ऱ्हायली व्हती?"

"काय?"

"शिवायची. किती ऱ्हायली व्हती? चार बोटं? वीतभर? कुठवर आली व्हती माजी पोर?"

मला सांगता आलं नाही. गाठोडं मालननंच बांधून कपाटावर ठेवलं होतं. मी ते खाली काढलं, काट्यावर ठेवलं, ग्रॅमपर्यंत वजन घेतलं आणि विमानतळावर नेलं. सोडून पाहिलं नाही. आठ महिन्यांत एकदाही नाही. पाहवणार नाही असं वाटायचं, म्हणून गाठ सोडलीच नाही.

"चार किलो आठशे साठ ग्रॅम होती," मी म्हणालो. दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

"बरं," मामी म्हणाल्या.

तिथं मी तीन दिवस राहिलो. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गोडसर पेय), सकाळी माळावरचा गार वारा, सगळं होतं तसं होतं. एका दुपारी मामी आपणहून बोलू लागल्या. त्या वाकळीत काय काय होतं ते, लुगडी देतानाच मायलेकींनी ठरवलेलं. वरचा थर हिरव्या इरकलीचा, मालनच्या बारशाला नेसलेली. खाली तपकिरी लुगडं, ते रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना फाटलं. कडेला लाल काठ, तो संपत फौजेत भरती झाला तेव्हा घेतलेल्या लुगड्याचा. मी ऐकत होतो. इतकी वर्षं ही वाकळांची ये-जा माझ्या सामानातून झाली, आणि त्यांच्यात काय असतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

निघायच्या दिवशी व्हॅन सुरू झाल्यावर मामी आतून लगबगीनं आल्या. हातात धुऊन घडी घातलेलं जुनं लुगडं होतं. दर खेपेला त्या असंच एक मालनच्या हातात द्यायच्या. दाराशी येऊन त्या थांबल्या. लुगड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते घेऊन तशाच आत गेल्या. 

परतीचं विमान कोल्हापूरहून होतं, म्हणून वाटेत सांगलीत विश्रामबागेला भूपालकडं थांबलो. भूपाल माझा जुना मित्र, हळदीचा व्यापारी, महिन्यातून दोनदा विमानानं कोचीला जातो. चहा आणि भडंग (मसाला लावलेले कुरकुरीत चुरमुरे) पुढं ठेवून त्यानं मोबाइल काढला. कार्डवाल्या प्रवाशांनी जादा सामानासाठी एक ग्रुप काढला होता आणि त्यात नुसता वणवा पेटला होता. कुणी कार्ड कात्रीनं कापल्याचा फोटो टाकलेला, कुणी पुन्हा रेल्वेनं जायची शपथ घेतलेली. विमानतळावरच्या त्या चित्रणात माझा चढलेला आवाजही होता.

"गड्या, हा तूच न्हवं का?" भूपाल म्हणाला. "लय भारी बोललायस. तू तुजी वाकळंची गोष्ट लिहून दे. आमच्या वेफरच्या आन् हळदीच्या तक्रारींनी कंपनी हलत न्हाई, तुज्या गोष्टीनं हलंल बघ."

"माझी गोष्ट लिहिली तर तिच्यात मीही येईन, भूपाल," मी म्हणालो. त्यानं मोबाइल उलटा ठेवला आणि भडंग माझ्याकडं सरकवलं.

आता घरी येऊन महिना झाला. त्या दिवशीच्या भांडणात मी बरोबर होतो, हे मला अजूनही वाटतं. दिलेला शब्द कंपनीनं मोडलाच. पण मी बरोबर होतो आणि वाकळ गेली, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या. त्यातली दुसरी मला झोपू देत नाही.

दर सोमवारी मी विमानतळावरच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत फोन करतो. तिथला माणूस आता माझा आवाज ओळखतो. परवा त्यानं नवा फॉर्म भरायला घेतला आणि वस्तूचं वर्णन विचारलं. मी सांगितलं, वर हिरवी इरकल, खाली तपकिरी, कडेला लाल काठ, टाके बारीक, शिवण अर्धी. त्याला तमिळमध्ये लिहायला वेळ लागला, तो एकेक शब्द पुन्हा विचारत होता आणि मी पुन्हा सांगत होतो.

"मालकाचं नाव?" त्यानं विचारलं.

"मालन," मी म्हणालो.

मग त्यानं फोन नंबर विचारला, तो मात्र मी माझा दिला.