मामाच्या कॅसेटमधली माणसं

इंग्रजी रॉक संगीताचे चाहते गिरगावात असतील, दादरला असतील. त्या संगीताच्या श्रोत्यांचा चाहता मात्र अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि तो परळच्या एका चाळीत राहायचा. तो माझा थोरला मामा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागाच्या खडखडाटात, उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते, त्यामुळे हळू वाजणाऱ्या गोष्टींवर त्याचा तसाही विश्वास नव्हता. शेजारी राहणाऱ्या, बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाने त्याला परदेशातल्या एका जाहीर कार्यक्रमाची कॅसेट आणून दिली आणि मामा बिघडला तो बिघडलाच. गिटार वाजत असे तोवर तो नुसता मान हलवायचा. पण मधेच हजारो लोक ओरडले की मांडीवर थाप मारून मला म्हणायचा, "गाणा काय आयकतंस, माणसां आयक."

स्टुडिओतलं गाणं त्याला फोटोसाठी पोट आत घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखं वाटे. गाणाऱ्याचा सूर चुकायला हवा, माइक किंचाळायला हवा. एका गाण्यात ड्रमवाला एकटाच पुढे पळतो आणि बाकीचे धापा टाकत त्याला गाठतात. ती जागा तो पाहुण्यांना नातवाचे बोबडे बोल ऐकवावेत तशी ऐकवायचा. दुसऱ्या एका कॅसेटमध्ये कुणीतरी सुरुवातीलाच शिट्टी मारतो. मामाने त्याचं नाव बाबल्या ठेवलं होतं. "आज बाबल्या जोरात आसा," तो कौतुकाने म्हणायचा, आणि मामी तांदूळ निवडता निवडता वर न बघता सांगायची की बाबल्या कालही तेवढाच जोरात होता. गाणं संपलं की मामा तिकडच्या गर्दीबरोबर टाळ्या वाजवायचा, आरोळ्या ठोकायचा. ही सवय चाळीच्या भजनातही गेली. त्याच्या आरोळ्यांनी खूश होऊन बुवांनी एक अभंग पुन्हा पुन्हा घेतला आणि आरतीपर्यंत त्यांचा आवाजच बसला.

मग गिरण्यांचा संप सुरू झाला. चाळीतल्या संपसमितीच्या चिटणिसांना सभेतलं भाषण टेप करून कोकणात गावी गेलेल्या कामगारांना ऐकवायचं होतं, आणि टेपरेकॉर्डर फक्त मामाकडे. तो छातीशी धरून मामा सभेला गेला आणि लग्न लावून आल्यासारखा परतला. संध्याकाळी सगळे कॅसेट ऐकायला जमले. पुढारी विहिरीच्या तळातून बोलत होते. वर ऐकू येत होते शेंगदाणेवाला, कुणाचा खोकला, "सरक रे", आणि मग अंगावर येणाऱ्या घोषणा. माइक कुठे धरला होता, असं चिटणिसांनी शांतपणे विचारलं. लोकांकडे, मामा म्हणाला. चिटणिसांनी कपाळाला हात लावला, तेव्हा मामाने त्यांची समजूत काढली, "भाषण उद्या पेपरात येतला. माणसां खंय येतली?"

गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. माणसं गावी गेली ती गेलीच. मामा दादरला एका इमारतीत वॉचमन झाला.

काही वर्षांनी मामाच्या शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्या सोबत्याची बायको गावाहून आली. सोबती नुकताच वारला होता. त्या सभेच्या टेपमध्ये त्याचा आवाज आहे, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मामाने काही न विचारता कॅसेट लावली. घोषणा टिपेला पोचल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक माणूस कळवळून विचारत होता, "माझी चप्पल खंय गेली रे?"

बाई आधी पदर तोंडाला लावून हसली. मग पदर डोळ्यांकडे गेला. "दोन चपला घालून कधी घराक येऊक नाय ते," ती म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

तेव्हापासून दर गणपतीला मामा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन एसटीने कोकणात निघायचा आणि आपल्या घराआधी तिच्या घरी उतरायचा. एका वर्षी मीही बरोबर होतो. कॅसेट पार झिजली होती; मला खरखरीशिवाय काही ऐकू येईना. मामा मात्र ओसरीवर बसून, अर्ध्या कानांनी, तिला सांगत होता, "थांब. थोडो मागच्या बाजूक आसा. आता बोलतलो." आणि ती डोळे मिटून मान हलवत होती.