विरुद्ध बाजूने बोलणारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती लांज्याला, मी इथे ओमानमध्ये. फोनवर आम्ही पाऊसपाणी आणि मुलाचा अभ्यास, एवढंच बोलतो.

कॉलेजात मी वादविवाद स्पर्धा गाजवायचो. नेहमी विषयाच्या विरुद्ध बाजूने. पटो न पटो, समोरच्याला गप्प करायचं — त्याची ढाल घरी अजून आहे. पण रुसैलच्या या कारखान्यात माझं कोण ऐकणार? अल हैलच्या खोलीवर तर नुसत्या भिंती. म्हणून खोट्या नावाने इंटरनेटवर इंग्रजीत वाद घालू लागलो. कुणी चिडून उत्तर दिलं की बरं वाटायचं. निदान कुणी बोलतंय तरी!

आमच्या लॅबमध्ये क्लॉडीन होती, रवांडाची. आता ती मायदेशी परतली. कँटीनमध्ये माझ्यासोबत डबा खाणारी ती एकटीच. ती लहान असताना तिथल्या नरसंहारात तिचे दोन भाऊ मारले गेले, प्रेतंही मिळाली नाहीत — हे तिने मला जेवता जेवता सांगितलं होतं. विश्वासाने.

आणि मी काय केलं? कसं सांगू... एका वादात मी लिहिलं, तो नरसंहार झालाच नाही. आणि पुरावा कुठला दिला? तिचाच, नाव न घेता. म्हणे दोन भाऊ मारले, मग प्रेतं कुठे गेली? मला ते खरं वाटत होतं का? छे. मला फक्त जिंकायचं होतं.

आठवड्याने तिने डब्याशेजारी फोन ठेवला. नातेवाइकांत फिरत फिरत माझं लिखाण तिच्यापर्यंत आलं होतं. कुणी लिहिलं, ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, आमच्याकडे हा गुन्हा आहे. तुझं इंग्रजी चांगलं, तक्रार लिहून दे. आणि मी — मी तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भाषण दिलं. कायद्याने तोंडं बंद करू नयेत, वगैरे. मुद्दे खरेही असतील. पण त्या दुपारी मी ते माझी कातडी वाचवायला वापरले. ती गप्प झाली. मी पुन्हा जिंकलो होतो.

खोलीवर जाऊन मी ते लिखाण पुसलं. दुसऱ्या दिवशी ती हसतच आली.

"खलास, ब्रदर! काढून टाकलं त्याने. लाज वाटली असेल बिचाऱ्याला."

"असेल," मी म्हणालो.

तिने आपल्या डब्यातलं उकडलेलं केळं माझ्या डब्यात ठेवलं. मी ते खाल्लं.