बाटलीतली आमरी आणि माझं तोंड

साठ सालानंतरची गोष्ट. महाडच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल मला शंका नव्हती. आता थोडी आहे, पण थोडीच.

आंबेनळी घाटातल्या एका उतारावर पांढरी आमरी फुलायची. आमरी म्हणजे ऑर्किड. पण ही झाडावरची नव्हे, जमिनीत कंद धरणारी. तिथला शेतकरी म्हणाला, "गुर्जी, फुलं बघायची तर यंदाच बघा. पुढल्या साली हितं रस्ता रुंद व्हणार हाय."

मी घाईने कंद आणून लावले. ते कुजले. हाती उरली त्यांच्यासोबत आणलेली एक पिकलेली शेंग. आतलं बी धुळीसारखं, मातीत रुजण्याचा भरवसा नाही. मग प्रयोगशाळेतच रुजवायचं ठरवलं: साखर, क्षार आणि नारळपाणी चायना ग्रासमध्ये, म्हणजे समुद्रशेवाळाच्या जेलीत, शिजवायचं, बाटल्या वाफेवर उकडायच्या, बी ब्लीचिंग पावडरच्या निवळीत धुऊन काचेच्या पेटीत, स्पिरिटच्या दिव्याशेजारी पेरायचं. पुस्तकात फार सोपं होतं.

आठ दिवसांत बाटल्यांत बुरशी. दुसऱ्या खेपेलाही बुरशी. मी आधी बाटल्यांच्या तोंडातल्या कापसाच्या बोळ्यांना दोष दिला, मग सावित्रीकाठच्या दमट हवेला. बी चिमूटभर उरलं. ते गेलं की त्या उतारावरची आमरी संपली.

जेवताना माझं रडगाणं ऐकून बायको म्हणाली, "पेरता कसं, ते एकदा दाखवा तरी."

रविवारी तिला नेलं आणि रिकामी बाटली घेऊन सुरू झालो. "हा चिमटा ज्योतीतून काढायचा, कारण..."

"अहो, थांबा. रोज असंच बोलता?"

"शेजारी कॉलेजची मुलं उभी असतात, त्यांना समजावून सांगायला नको?"

"लोणच्याची बरणी भरताना मी कधी बोलते? माहेरी तुडीलला आई आम्हाला तोंडावर पदर बांधायला लावायची. बरणीत थुंकी उडाली की लोणचं गेलं. आणि तुम्ही बाटलीत तोंड घालून कीर्तन करता."

तिला जंतुशास्त्र समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. रुमाल बांधला. तिने पंखा बंद केला, दाराला कडी घातली. उरलेलं सगळं बी मी पेरलं, एक शब्द न बोलता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून एवढे गप्प पहिल्यांदाच बघितले."

दोन-तीन बाटल्या गेल्या, बाकीच्या स्वच्छ राहिल्या. अंधाऱ्या कपाटात शिमग्यापर्यंत बी फुगून मोहरीएवढे पांढरे दाणे झाले. त्याच उन्हाळ्यात सुरुंगाने उतार फुटला. रोपं हाताळण्याजोगी झाल्यावर मी ती घाटातली माती आणून परसातल्या कुंड्यांत लावली. निम्मी मेली. उरलेल्यांतलं एक तिसऱ्या श्रावणात फुललं.

शेतकऱ्याला मुद्दाम बोलावलं. तो कुंडीपुढे उकिडवा बसला. "आमचीच हाय ही," म्हणाला.

मी घसा खाकरला. मागच्या दारातून बायकोने तोंडाला पदर लावून दाखवला. पण फूल आता उघड्यावर होतं, त्याला कसली भीती? मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.