एका खळग्यापुरते चिंचोके

आधी कमलाक्कांचं नाव लिहितो. तंजावूरच्या आमच्या शेजारीण. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून हे त्यांना कळणारही नाही. भर दुपारी एसटीडी बूथवर रांगेत उभं राहून त्यांनी पुण्यात मी काम करतो त्या कारखान्याच्या फाटकावर फोन लावला. "कण्णा, आत्या गेली," एवढंच मराठीत म्हणाल्या, पुढचं सगळं तमिळमध्ये. मी पोचलो तिसऱ्या दिवशी. तोवर सगळं उरकलं होतं. तेही त्यांनीच उभं राहून करवून घेतलं.

मला आत्यानं वाढवलं. शाळेतून आलो की ती पल्लांगुळीची फळी मांडायची. दोन्ही बाजूंना सात सात खळगे, प्रत्येकात पाच चिंचोके. एकेक चिंचोका पुढच्या खळग्यांत टाकत जायचं, जिंकलेले आपले. हरलेल्यानं पुढच्या डावाला उरलेल्या चिंचोक्यांत भरतील तेवढेच खळगे भरायचे, बाकीच्यांवर काडी आडवी ठेवायची. माझ्या बाजूला नेहमी काड्याच. लहान म्हणून तिनं कधी एक चिंचोका सोडला नाही. मी रडलो तर म्हणायची, "रडत रडत खेळ की. हात तर मोकळा आहे ना?" एक खळगा भरत असेल तोवर आमच्याकडे उठायची सोय नव्हती.

नववीत नापास झालो, शाळा सोडली. ती रागावली नाही, फळी मांडली. "शाळेतनं उठलास. इथनं उठू नकोस." पुढे नव्या कंपन्या निघताहेत असं ऐकून पुण्याला आलो. आज काम आहे, उद्याचं सांगता येत नाही... फाटकावर रोज माझ्यापेक्षा शिकलेली मुलं उभी असतात.

शेवटच्या भेटीत माझा एकच खळगा उरला होता आणि गाडीची वेळ झाली.

"एक भरतोय रे अजून," आत्या म्हणाली.

"पोंगलला येतो, तेव्हा हरव."

पोंगल आला. रजा मागायचीच भीती वाटली. मागितली असती तर कदाचित मिळालीही असती...

कमलाक्कांनी फळी दाखवली. जशीच्या तशी मांडलेली. माझ्या बाजूला सहा काड्या, पाच चिंचोके. मधल्या महिन्यांत त्यांनी "आपण खेळू या" म्हटलं की आत्या त्यांना म्हणायची, "थांब, त्याची पाळी आहे."

मी पाळी खेळलो नाही. समोर कोण होतं?

फळी तिथंच आहे. कमलाक्का तिच्या भोवतीनं झाडतात. कमलाक्का, तुमचं हे ऋण फेडीन. कधी, ते माहीत नाही. तोवर तुम्ही असाल का, याचीही धास्ती वाटते. पण एक दिवस रजा मागून येईन, तुमच्यासमोर बसेन आणि शेवटचा खळगा रिकामा होईपर्यंत उठणार नाही.