पेटीतला टायमर

वसमतला बसस्थानकामागं एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचं दुकान आहे. हळद शिजवायच्या कुकरांना तो एक पेटी बसवून देतो. ती वाफेचा दाब सारखा तपासते आणि वाढला की झडप उघडते. बोलताना मधेच थांबून तो "बराबर?" असं स्वतःलाच विचारतो.

यंदा आमच्या कुरुंद्याच्या शेतात तो पेटी बसवायला आला, त्याच दिवशी दाबाचा काटा लाल रेघेपलीकडं गेला, तरी झडप उघडली नाही. आम्ही सगळे बांधाकडं पळालो. तो मात्र उलटा कुकरकडं गेला आणि हाताला ओलं पोतं गुंडाळून त्यानं झडप फिरवली. वाफेत तो दिसेनासा झाला.

मग बाभळीखाली लॅपटॉप उघडून तो म्हणाला, "चिपमधी दोन टायमर हायेत. एक लई अचूक, पण काम नसलं की चिप झोपते, तसं तेबी झोपतं. दुसरं जरा ढोबळ, पण थांबत न्हाई. कर्नेलनं, म्हंजी पेटीच्या मूळ प्रोग्रामनं, आपोआप कोणतं धरायचं, ते मीच ठरवलं व्हतं. अचूक धरलं. ते झोपलं, अन् दाब तपासायचंच थांबलं. बराबर?"

त्यानं एक ओळ बदलली.

"झालं का?" मी विचारलं.

"तुमचं झालं. शिरड शहापूरलाबी हीच पेटी हाय, अन् आज तिथं हळद शिजून राहिली."

तिथं कुणी फोन उचलेना. भाजलेल्या हातानंच तो मोटरसायकल काढून निघाला.

तासाभरानं त्याचा फोन आला.

"भट्टी इझवली," तो म्हणाला. "समदे हायेत."