परत काय येणार, ते भाषेनंच ओळखावं

माझी मुलगी प्रोग्रामिंगच्या ज्या भाषेवर फावल्या वेळात काम करते, ती कुणाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक तिच्यात सुधारणा सुचवतात आणि काही जाणती मंडळी त्या तपासून घेतात. त्या भाषेत एक जाच होता. एकदाच वापरायचं, बिननावाचं छोटंसं फंक्शन, म्हणजे काम करून उत्तर परत देणारा कोडचा तुकडा, लिहिलं तरी त्यातून परत काय येणार, संख्या की मजकूर, हे हातानं लिहावं लागे. नावातली अक्षरं मोजणाऱ्या फंक्शनमधून संख्याच येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मुलीनं ठरवलं, हे भाषेनं स्वतःच ओळखायचं.

घोडपदेवच्या आमच्या खोलीत, ओट्याशेजारच्या टेबलावर तिनं उन्हाळाभर ते काम केलं. मग म्हणाली, "बाबा, पाठवण्याआधी तू तोडून बघ."

मी परळच्या एका ऑफिसात वर्षानुवर्षं कोड लिहितोय. तोडायला बसलो आणि, कबूल करतो, मला ते खरंच तुटायला हवं होतं. असलं काम माझ्या हातून कधी झालं नाही. बाप म्हणून हे लिहिताना लाज वाटते.

"अहो, पोरीची चूक सापडेपर्यंत उपाशी राहणार का?" बायकोनं विचारलं. ताट वाढलेलं होतं.

शेवटचा डाव म्हणून एक फंक्शन लिहिलं: अट खरी ठरली तर संख्या परत, नाहीतर मजकूर. आता भाषा काहीतरी ठोकून देणार आणि गपचूप चुकणार, याची मला खात्री होती.

भाषा थांबली. पडद्यावर आलं: या ओळीतून संख्या येते, त्या ओळीतून मजकूर; तुम्हाला काय हवं ते लिहा.

"दोन उत्तरं निघाली की माणसाला विचारायचं," मुलगी म्हणाली. "तुला काय वाटलं, मी ते सोडलं असेल?"

"वाटलं होतं."

"थँक्यू हां! आता मी हे पाठवते, तू त्याखाली लिही, तोडायला गेलो, तुटलं नाही."

मी लिहिलं. माझ्या सगळ्या खोड्या खाली जोडल्या. हेही लिहिलं, की मी तिचा बाप आहे, माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः चालवून बघा.

त्या जाणत्या मंडळींनी चालवून बघितलं. तिचं काम भाषेत गेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हे सांगायला बसलो. ते तुटावं असं मला वाटत होतं, हे आधी सांगितलं. शेजारचा सहकारी म्हणाला, "ते राहू दे रे. पोरीनं काय केलं ते पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून.