पळसाच्या पानांचा यशवंतराव

ब्रह्मदेशच्या आघाडीवर यशवंतराव कामी आले, अशी तार आदिलाबादकडच्या नार्नूर गावी आली आणि रुख्मिणीनं कुंकू पुसलं. देह आला नाही. मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला धोतर नेसवलं आणि ओढ्याकाठी जाळलं. दहाव्याला मंडळी पिंडापासून मागं सरली नाहीत तोच कावळा शिवला. इतका झटकन शिवलेला कावळा कुणी पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी यशवंतराव छातीवर पदक लावून दारात उभे राहिले.

त्यांची आत्या देवकाबाई उंबऱ्यात आडवी आली. "तुले आमी जाळलं, बापा. असाच कसा आत येतं? पुन्हा जल्म घे. न्हाऊ घालतो, बारसं करतो, नवं नाव ठेवतो. मंग ये."

"मी मेलोच नाही, आत्या! बारसं काऊन करू?"

"मंग पिंड कोणं खाल्ला?"

यशवंतरावांचा चेहरा उतरला. ते तिथूनच परत फिरले. बारसं होत नाही तोवर सुनेच्या कपाळी कुंकू लागणार नाही, असं आत्यानं पाठीमागून बजावलं. रुख्मिणी कोऱ्या कपाळानं त्यांच्यामागं गेली.

ते वकिली शिकले. निजामाचं राज्य गेल्यावर आदिलाबादच्या कोर्टात उभे राहिले आणि पुढं मुन्सफ झाले. माणूस सरळ, निकाल स्वच्छ. पण हळदीकुंकवाला बाया रुख्मिणीला टाळून पुढं जात, आणि काळ्या कोटातला नवरा समोर ओसरीवर बसलेला असे. एकदा त्यांनी स्वतःच कुंकवात बोट बुडवलं. रुख्मिणीनं तोंड फिरवलं. तिला आत्याची भीती नव्हती, समोरच्या माणसाची होती. दर पितृपक्षात नार्नूरला देवकाबाई यशवंतरावांच्या नावानं पान ठेवी, आणि त्याच दुपारी इथं यशवंतराव ताटावर बसून, घास न घेता, ताट सारून म्हणत, "पोट भरलं." हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

छप्पन साली जिल्हा तुटायला निघाला. भाषेवार राज्यं होणार होती; किनवट मुंबईकडं, आपण आंध्राकडं. त्याच धांदलीत बयनाबाईच्या दाव्याचा निकाल लागला. रझाकारांच्या काळात तिचा नवरा नाहीसा झाला होता. इतकी वर्षं ठावठिकाणा नाही, म्हणून कायद्यानं तो मेला, असं यशवंतरावांनी ठरवलं. शेत तिच्या नावावर झालं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि पायरीवर बसली.

"साहेब, तुमी सही केली अन् तो मेला. उद्या आला तं मी त्याले कोणत्या दारानं घेऊ?"

ती गेल्यावर यशवंतराव रुख्मिणीला म्हणाले, "नार्नूरला जाऊ."

बैलगाडीत त्यांनी तोंड उघडलं. "माणिक नावाचा शिपाई होता. मागं ना पुढं कुणी. थंडीनं कुडकुडत होता, म्हणून त्याला माझा कोट दिला. तोफेचा गोळा पडला. मला बेशुद्ध उचलून नेलं, आणि कोटावरून त्याला यशवंतराव समजून पुरलं. तो पिंड त्यानं खाल्ला, रुख्मिणी. अजूनही तो खातो आणि पोट माझं भरतं."

"मंग इतके दिवस सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला हाकललं असतं."

देवकाबाईनं भाच्याला अंगणात लेकरासारखं न्हाऊ घातलं, गोधडीत गुंडाळलं. पिकू लागलेल्या मिशांचा मुन्सफ डोळे मिटून बसला. हसू मात्र कुणाला आलं नाही.

"नाव काय ठेवू?"

"माणिक."

आत्यानं रुख्मिणीकडं पाहिलं. रुख्मिणीच्या बोटावर कुंकू तयार होतं. दहा वर्षं ज्याच्यापासून तिनं तोंड फिरवलं, त्याचंच नाव आता घरात यायचं होतं.

"ठेवा," ती म्हणाली.

आत्यानं कानात कुर्र्र केलं आणि हाक मारली, "माणिक!"

"ओ."

तो आवाज यशवंतरावांचा नव्हता. बारशाला जमलेल्या बाया दोन पावलं मागं सरल्या. यशवंतराव डोळे उघडून रुख्मिणीकडं पाहत होते. या खेपेला ती काय करते, याचीच धास्ती त्यांच्या तोंडावर होती.

रुख्मिणीनं आपल्या कपाळावर बोट टेकवलं.

"चला," ती म्हणाली, "दोघंबी जेवून घ्या."